कोण कुठं झोपलं होतं

२१ मार्च २०२४ च्या सकाळी मी नांदेडला नणंदेकडे होते. सहा वाजून गेले होते, चहाला नुकतं आधण ठेवलं होतं आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ रिश्टरचा धक्का होता तो. दहाएक मिनिटांनी आणखी एक, लहान. नांदेडात आमच्या आजूबाजूला कुणाला काही झालं नाही. नणंद म्हणाली, "अगं, इकडं असं अधूनमधून होतंच असतं." हे तिनं मला फोनवरून सांगितलं, कारण तोवर मी लेकीला काखोटीला मारून, जिने उतरून, अनवाणी समोरच्या मैदानात जाऊन उभी होते. वर यायला तयारच नव्हते.

माझं माहेर उमरगा तालुक्यातलं. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप बाकीचा महाराष्ट्र किल्लारीच्या नावानं ओळखतो, पण लातूर आणि उस्मानाबाद अशा दोन्ही जिल्ह्यांतली गावं त्यात गेली. दहा हजारांच्या जवळपास माणसं. मी आठ वर्षांची होते. आमच्या घरातली तीन माणसं गेली: आज्जी, चुलतभाऊ आणि आत्या. पुढं शिक्षण, नोकरी, लग्न, पुणं असं सगळं रीतसर झालं. कुणी विचारलं तर मी भूकंपाची हकिकत चार वाक्यांत सांगायचे. ती पाठच होती म्हणा ना.

नांदेडहून परतल्यावर रोज पहाटे चारच्या सुमाराला जाग यायला लागली. छातीत धडधड, हाताचे तळवे ओले, जबडा आवळलेला. खालून डंपर गेला की दचकायचे. वॉशिंग मशीन फिरायला लागलं की स्वयंपाकघरातून बाहेर यायचे. झोपताना दाराची कडी न लावण्याची सवय तर आधीपासूनच होती, नवऱ्यानं ती कधीचीच स्वीकारली होती. आता मी चपला उशाशी ठेवायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊ या."

आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या वर गेलं आणि सगळं नॉर्मल आलं. ही पायरी गाळू नका असं मी आवर्जून सांगेन. थायरॉइड वाढलं तरी अशीच धडधड होते, आणि ते आधी तपासलेलं असलं की पुढचे डॉक्टर सरळ कामाला लागतात. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी पर्समध्ये बरेच दिवस राहिली. मे महिन्यात गेले.

पहिल्या भेटीची फी १,५००, पुढच्या भेटींची ८००. त्यांनी वीस प्रश्नांचा एक तक्ता भरायला दिला. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार, एकूण ऐंशी गुण. एकतीस-तेहतिसाच्या वर गेलं तर पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं राहणाऱ्या मानसिक आजाराचा विचार करायचा, असं ढोबळ माप. माझे बावन्न झाले. नुसत्या तक्त्यावर निदान करत नाहीत, त्यानंतर पाऊण तास बोलणं झालं. त्यांनी जे समजावलं ते मला तेव्हा फार उपयोगी पडलं. धोका दिसला की शरीराची पळा-किंवा-लढा यंत्रणा विचार करण्याआधीच चालू होते. अॅड्रिनलिन सुटतं, नाडी वाढते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं. धोका टळला की दुसरी यंत्रणा हळूहळू सगळं खाली आणते. माझ्या बाबतीत भांडी वाजली की शरीर थेट १९९३ ला पोचत होतं, आणि तिथून परत यायची वाट त्याला सापडत नव्हती. रोजची एक गोळी सुरू झाली. झोप थोडी सुधारली. आणि त्यांनी समुपदेशनासाठी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडं पाठवलं.

तिथं पाच आठवड्यांची प्रतीक्षायादी होती.

मधल्या काळात मी स्वतःच लिहायला घेतलं. जाड पुठ्ठ्याची वही आणली. मोबाइलवर जो तो सांगत असतो, मनात येईल ते कागदावर ओता. मी ओतत होते. पानंच्या पानं तीच तीन-चार वाक्यं: मला भीती वाटते, असं मलाच का, मी लेकीला काय देणार. लिहून झालं की हात आणखी थंड. एका रात्री दोन वाजता १४४१६ ला फोन लावला. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. पलीकडच्या मुलीनं कुठलाही उपदेश केला नाही. खोलीत दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्यायला लावली, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगितलं. मिनिटाला साधारण सहा श्वास. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, त्यामागे मेंदूतून छाती-पोटाकडं जाणारी व्हेगस नावाची नस असते, हे मला नंतर कळलं. त्या रात्री फक्त झोप लागली, एवढंच.

सायकॉलॉजिस्टकडं जायच्या आधी दोन कामं केली. एक, त्यांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला. रिसेप्शनवरच्या मुलीला त्याचं काही वाटलं नाही, लगेच दिला. "काउन्सेलर" अशी पाटी कुणीही लावतं, आणि खोल जखमेत हात घालायचा तर तो कुणाचा हे माहीत असलेलं बरं. दुसरं, विमा कंपनीला फोन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं धरणं बंधनकारक केलं आहे. पण माझ्या पॉलिसीत कुठल्याच आजाराचा ओपीडी खर्च नव्हता, त्यामुळं बरोबरी झाली ती अशी की दोन्हीकडं शून्य. ऑफिसच्या रजेसाठी प्रमाणपत्र लागणार होतं. त्यावर निदान लिहायलाच हवं का, असं मी विचारलं. "वैद्यकीय उपचार चालू आहेत" एवढं, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का आमच्या एचआरला पुरला. माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे.

जूनच्या शेवटी सायकॉलॉजिस्ट बाईंची पहिली भेट झाली. मूल्यमापनाची फी १,८००, नंतर प्रत्येक सत्राचे १,२००. वही दाखवली. बाईंनी दोन पानं वाचली आणि विचारलं, "यात ती रात्र कुठं आहे?"

नव्हती. एवढ्या पानांत "भूकंप" हा शब्दसुद्धा नव्हता.

मग त्यांनी पद्धत सांगितली. डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली, पाच सत्रांची. प्रत्येक सत्रात अर्धा तास हातानं लिहायचं, बाईंच्या खोलीत बसून. विषय एकच, ती घटना. सुरुवातीपासून, घडली त्या क्रमानं, काय दिसलं, ऐकू आलं, वास कसला आला, त्या वेळी मनात काय आलं. शुद्धलेखन, खाडाखोड यांची फिकीर करायची नाही. लिहून झालं की थोडं बोलायचं, कागद बाईंकडं ठेवायचे, त्या वाचतात आणि पुढच्या वेळी सांगतात कुठं मी भरभर पळाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्लोन आणि मार्क्स यांच्या एका चाचणीत १२६ जण होते. निम्म्यांना ही पाच लेखनसत्रं, निम्म्यांना बारा सत्रांची प्रचलित उपचारपद्धती. गुण दोन्हीकडं जवळपास सारखा आला. मात्र बाराच्या गटातून चाळीसेक टक्के लोक मध्येच सोडून गेले, लेखनाच्या गटातून सहा टक्के. हा दुसरा आकडा ऐकून मी संमतीपत्रावर सही केली. मध्येच सोडणाऱ्यांत मी पहिली असणार अशी माझी खात्री होती.

सत्रं बुधवारी सकाळी अकराला. खाऊन जायचं, उपाशीपोटी नाही. सत्रानंतर स्कूटर चालवायची नाही, नवरा न्यायला यायचा. त्या दिवशी ऑफिसची मीटिंग ठेवायची नाही. हे नियम बाईंनी घालून दिले, आणि तिसऱ्या बुधवारी त्यांची किंमत कळली.

पहिल्या सत्रात मी अर्ध्या तासात पान-दीड पान लिहिलं आणि वेळ उरला. बाईंनी सांगितलं होतं की वेळ उरला तर परत पहिल्यापासून लिहायचं. लिहिलं. दुसऱ्यांदा लिहिताना अंगणातलं तुळशीवृंदावन आलं, जे पहिल्यांदा आलं नव्हतं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, गाव दमून झोपलं होतं, हे आलं. आमचं घर माळवदाचं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, लाकडी खांब, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असं गार घर नाही. हलल्यावर तीच माती आणि तेच दगड माणसांवर आले. मी दारापाशी आईजवळ झोपले होते. मला कुणी ओढून काढलं ते आठवत नाही. आवाज आठवतो, रणगाडा अंगणातून गेल्यासारखा. आणि मग धूळ. तोंडात माती.

त्या आठवड्यात स्वप्नं वाढली. बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी टिकले. लिहून लगेच हलकं वाटतं असं ज्यांना वाटतं त्यांना हे सांगायला हवं. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर यांनी टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यांत क्लेशदायक गोष्टीवर लिहायला लावलं होतं. त्या मुलांनाही लिहून झाल्या झाल्या आधीपेक्षा वाईट वाटत होतं. फरक दिसला तो पुढच्या महिन्यांत, त्यांचं दवाखान्यात जाणं कमी झालं.

दुसऱ्या सत्रात बाईंनी एका ओळीवर बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "मग लोकांनी खणायला सुरुवात केली." त्या म्हणाल्या, "इथं तुम्ही फार घाईनं पुढं गेलात. खणायला सुरुवात कशी झाली?"

हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आई बेशुद्ध होती, अप्पांचा हात मोडला होता आणि ते नुसते ओरडत होते. घरातलं शुद्धीवर असलेलं, बोलू शकणारं माणूस म्हणजे मी. पलीकडच्या आळीतले दोघे-तिघे आले. त्यातल्या एकानं माझ्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "बाळ, कोण कुठं झोपलं होतं?" मी सांगितलं. आज्जी देवघरापाशी. दादा मधल्या खोलीत खांबाजवळ. मी बोटानं दाखवत गेले आणि ते तिथं खणत गेले. आत्याचं नाव मी घेतलं नाही. आत्या सगळ्यांत शेवटी सापडली, दुसऱ्या दिवशी, चुलीच्या कोपऱ्यात. पाऊस लागला होता तोवर.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं माझ्या छातीत जे होतं ते भूकंपाचं भय असेल असं मी, डॉक्टर, सगळे धरून चाललो होतो. होतं ते हे.

तिसऱ्या सत्रात फक्त याच भागावर लिहायचं ठरलं, सावकाश. संध्याकाळपासून सुरू केलं. मिरवणूक, खिरापत, जेवण. आणि आत्या. आत्या आरतीला होती, हिरव्या बांगड्या, असं मी पहिल्या दोन्ही वेळा लिहिलं होतं. आता क्रमानं लिहिताना तिला बसवायला जागाच सापडेना. जेवायला पंगतीत कोण होतं ते लिहिलं, त्यात ती नाही. अंथरुणं कुणी घातली, त्यात ती नाही. बाईंनी विचारलं, "आत्या घरी कधी आल्या होत्या?" मला सांगता येईना. रडूही आलं नाही, नुसते गुडघे कापत होते, खुर्ची वाजेल इतके. बाईंनी दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवायला सांगितले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तारीख मोठ्यानं वाचायला लावली. वर्षासकट.

घरी गेल्यावर आईला फोन केला. आई आता पुनर्वसनातल्या घरात असते, जुन्या गावठाणापासून लांब. आम्ही दोघी त्या रात्रीबद्दल कधी बोललेलो नव्हतो. नुसतं विचारलं, आत्या त्या दिवशी कधी आली होती गं?

"ती कुठं संध्याकाळी होती? मुक्कामाच्या गाडीनं आली की. साडेधा वाजून गेल्ते. तू कवाच झोपली होतीस." मग थोडं थांबून, "का गं? काय झालं आज?"

मला माहीतच नव्हतं. आत्या घरात आहे हे मला ठाऊक असायची सोयच नव्हती. बांगड्या मी पाहिल्या त्या दुसऱ्या दिवशी, तिला बाहेर काढलं तेव्हा, आणि त्या मी आदल्या संध्याकाळच्या आरतीत नेऊन ठेवल्या होत्या. पुढच्या बुधवारी मी हे सांगितलं तेव्हा बाई खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट सावध केलं. आठवण म्हणजे चित्रफीत नव्हे, लिहितानाही मन त्यात भर घालतं, म्हणून आईला विचारलंत ते उत्तम, पण आईचीही ती आठवणच. मला हे पटलं. तरी एसटीच्या वेळापत्रकावर माझा विश्वास आहे. मुक्कामाची गाडी आमच्या गावात दहाच्या आत कधी आलेली नाही.

चौथ्या सत्रात तोच भाग पुन्हा लिहिला. त्या माणसाचा प्रश्न, माझं उत्तर. या वेळी खाली एक वाक्य आपोआप आलं: मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सगळं सांगितलं. पाचव्यात त्या रात्रीनं पुढं काय काय बदललं ते लिहायचं होतं. पत्र्याच्या शेडमधले दिवस, आश्रमशाळा, कडी न लावलेलं दार, प्रवासाला निघताना माणसं पुन्हा पुन्हा मोजणं, ऑफिसच्या सहलीतसुद्धा. बाकी सहकारी त्यावर हसतात, पण बसमध्ये कुणी मागं राहत नाही.

ऑगस्टमध्ये तोच वीस प्रश्नांचा तक्ता पुन्हा भरला. चोवीस. शून्य झाले नाहीत. डंपरला अजून दचकते, पण दचकून जागच्या जागी थांबते, पळत सुटत नाही. पहाटेची जाग आठवड्यातून एखादी. जाग आली की कूस बदलते, श्वास लांब सोडते, बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते. चपला दाराबाहेर स्टँडवर गेल्या. कडी अजून नवराच लावतो, मी झोपल्यावर. गोळी आणखी काही महिने चालली आणि डॉक्टरांनीच हळूहळू कमी केली, मनानं बंद केली नाही. तपासण्या, दोन्हीकडच्या फिया, औषधं मिळून वीस हजारांच्या आसपास खर्च आला.

ओळखीच्या दोघींनी विचारलं की हे घरच्या घरी वहीत करता येईल का. रोजचे रुसवेफुगवे, ऑफिसचा ताप, एखादा जुना सल, यासाठी वही पुरते. तेही गोल गोल तक्रार न लिहिता एक प्रसंग धरून, वेळ लावून, पंधरा-वीस मिनिटं. पण ज्या प्रसंगाच्या जवळ गेलं की हातपाय कापतात, भान सुटतं किंवा जीव नकोसा वाटतो, तो एकट्यानं उघडू नये. माझे गुडघे कापायला लागले तेव्हा समोर कॅलेंडर दाखवणारं माणूस होतं. घरी असते तर मी वही मिटून भांडी घासायला गेले असते, आणि बांगड्या आरतीतच राहिल्या असत्या.

कागद बाईंनी शेवटी परत दिले. फाडायचे, जाळायचे की ठेवायचे ते मी ठरवायचं होतं. मी ते रेशनकार्ड आणि जन्मदाखल्याच्या फायलीत लावले.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा आईला थोडंसं सांगितलं, पाच बुधवारांचं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मंग माझंबी लिही की. मी सांगते, तू लिही." मी वही-पेन आणायला उठले होते, मग बसले. आईची ती रात्र मी लिहून घ्यायची नाही, निदान मीच समोर बसून तर नाहीच. सोलापुरात एका मानसोपचारतज्ज्ञांकडं तिची वेळ घेतली आहे. तिला लिहिता येत नाही, तर बोलून करता येईल का, हे मी फोनवर आधीच विचारून ठेवलं. येतं म्हणाले. आईची एकच अट आहे: सकाळच्या गाडीनं जायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी.